फाईल दोन्ही कपाटांत ठेवावी

४ जून

काकासाहेब टाइपरायटरवाले,

वाकून नमस्कार करायला तू समोर नाहीस आणि माझी कंबरही धरली आहे. तेव्हा इथूनच मान हलवते, तोच नमस्कार समजून घे.

फोन का केला नाही असं विचारू नकोस. डाव्या कानाने तुला ऐकू येत नाही आणि उजव्याने तू ऐकत नाहीस. मागच्या वेळी मी बोलले बाळाबद्दल आणि तू वीस मिनिटं मला मूळव्याधीवर औषध सांगत बसलास.

तर पुन्हा सांगते. तुम्ही लोकांनी मला जसं एका संस्थेतून आणलंत, तसंच आम्ही दोघं आणायला निघालोय. फॉर्म सात पानांचा, सगळा इंग्रजीत, कारण संस्थेच्या मुख्य ऑफिसातल्या कुणालाच आपली भाषा येत नाही. घर किती खोल्यांचं, खिडक्यांना गज आहेत का, कुत्रं आहे का, असल्यास चावतं का, सगळं भरलं. सहाव्या पानावर गाडी अडली. मुलगा की मुलगी? दोन चौकोन, एकावर खूण करा.

आम्हाला दोन्ही चालतात. चालतात म्हणजे नुसते चालतात असं नाही, हवेत. म्हणजे दोन हवेत असंही नाही. एकच हवं, पण कुठलंही. बघ, मराठीत सांगताना माझी ही गत, इंग्रजीत काय होणार!

पहिल्यांदा दोन्ही चौकोनांवर खूण केली. फॉर्म परत, शेरा ‘खाडाखोड’. मग दोन्ही कोरे ठेवले. परत, शेरा ‘अपूर्ण’. तिसऱ्यांदा नवऱ्याने बाजूला इंग्रजीत लिहिलं, काहीही चालेल. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याचं इंग्रजी वर, खाली आणि दार उघडा एवढंच. तेही परत आलं. आता म्हणतात, तुमची आवड काय ती स्वच्छ इंग्रजीत पत्राने कळवा.

बारा सप्टेंबरला मी चाळीस पूर्ण करते. त्यानंतर त्यांच्या नियमाप्रमाणे आम्हाला तान्हं बाळ मिळत नाही. काका, चेष्टा बाजूला ठेव. तू अडतीस वर्षं कचेरीच्या पायऱ्यांवर बसून अख्ख्या गावाचे अर्ज बडवलेस. मला एक वाक्य दे.

तुझी,
ढब्बू


११ जून

ढब्बू,

आशीर्वाद मागच्या पत्रातले उरले असतील तर तेच वापर. नवे बाळासाठी राखून ठेवलेत.

एक वाक्य मागतेस? सोबत मसुदा आहे, अकरा ओळींचा, आणि वाक्य एकच. मध्ये कुठेही पूर्णविराम नाही. असलं इंग्रजी आता मिळत नाही, सांगून ठेवतो. त्यात म्हटलंय की, आम्ही खाली सही करणारे अत्यंत नम्र अर्जदार, दैव आणि आपलं कृपाळू कार्यालय आमच्या पदरात जे काही घालेल ते, मग ते कोणत्याही प्रकारचं असो, कसलीही तक्रार न करता, मान खाली घालून, आयुष्यभर स्वीकारू. वाचताना माझाच ऊर भरून आला.

मसुदा खाली जाऊन दादालाही दाखवला. तुझ्या बापाने नेहमीप्रमाणे कागद दोन बोटांत धरून चोळला आणि म्हणाला, ‘पातळ आहे.’ झालं! पन्नास वर्षं लोकांची पुस्तकं शिवली, पण बाइंडरला कागद दिसतो, अक्षरं दिसत नाहीत. इंग्रजीतलं तर ओ की ठो कळत नाही बिचाऱ्याला. तुझी आई म्हणाली, मुलगी माग, मुलींचे फ्रॉक छान मिळतात. ही तुझ्या घराण्याची विचारशक्ती.

आता खरं काय ते सांग. मी हजारो लोकांचे अर्ज टाइप केलेत, माणूस ओळखतो. दोन्ही सारखंच म्हणणारा माणूस एक तर खोटारडा असतो, नाहीतर दुसऱ्याच्या घरी जेवायला आलेला पाहुणा. तुझ्या मनात काहीतरी आहे आणि तू लाजतेस. जावईबापूंना मुलगा हवाय का? त्यांना म्हणावं, लिफ्टला कुठे मुलगा-मुलगी कळतं.

काका


२ जुलै

काका,

तुझ्या त्या अकरा ओळींना आग लागो.

पत्र दिलं. आठ दिवसांनी संस्थेतल्या बाईंनी आम्हाला बोलावलं. समोर बसवलं, पाणी दिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘तुमच्यावर घरून कुणाचा दबाव आहे का? तुम्हाला नक्की मूल हवंय ना?’ तक्रार न करता! मान खाली घालून! अरे, आम्ही बाळ मागतोय की शिक्षा भोगायला जातोय? त्या बाईंना वाटलं, कुणीतरी मानेवर सुरा ठेवून आमच्याकडून लिहून घेतलंय.

मी तिथल्या तिथे सांगितलं, बाई, आमच्या काकाने लिहिलंय, तो वीज मंडळालासुद्धा असंच लिहितो. त्या हसल्या, पण पत्र ठेवून घेईनात. म्हणाल्या, माझं समाधान झालं तरी वरच्या ऑफिसला कागद लागतो.

बोलत होतो तेव्हा मी त्यांची खोली बघत होते. डाव्या भिंतीला एक लोखंडी कपाट, उजव्या भिंतीला एक. डावीकडे मुलगा मागणाऱ्यांच्या फायली, उजवीकडे मुलगी मागणाऱ्यांच्या. बाळ आलं की बाई त्याचं कपाट उघडतात आणि सगळ्यात वरची फाईल काढतात. आणि खिडकीखाली एक पत्र्याचा ट्रे आहे. ज्यांचं काहीच ठरत नाही त्यांच्या फायली त्यात. तो ट्रे कुणी उघडत नाही. आमची फाईल तिथे होती, काका. तिच्यावर चहाचा कप ठेवला होता. माझ्या नावावर गोल डाग पडलाय.

बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. नवऱ्याने लिफ्ट थांबवून धरली होती, तो तसाच बटण दाबून उभा राहिला आणि वरच्या मजल्यावरचे लोक ओरडायला लागले.

आणि मला खोटारडी म्हणालास ना? ऐक. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. माणसाच्या डोळ्यापुढे भिंग धरते, ते उलटं करते आणि विचारते, हे बरं दिसतं की ते? हे की ते? लोक वैतागतात. मग एका क्षणी माणूस म्हणतो, दोन्ही सारखंच दिसतंय. तो बिचारा घाबरतो, त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. पण मी तिथेच थांबते. कारण दोन्ही सारखं दिसायला लागलं म्हणजे नंबर बरोबर लागला. माझ्या धंद्यात हेच खरं उत्तर आहे. आमचा नंबर लागलाय, काका. तो इंग्रजीत कसा लिहायचा तेवढंच सांग. साधं.

ढब्बू


९ जुलै

ढब्बू,

चहाच्या डागाचं वाचून मला वाईट वाटलं. टाइपरायटर दोन दिवस उघडला नाही. वहिनी वर येऊन बघून गेली, की म्हातारा आहे की गेला.

पण मला साधं इंग्रजी येत नाही. तुला काय सांगू, साधं लिहिलं असतं तर पायऱ्यांवर माझ्याकडे कोण आलं असतं? लोकांना वाटलं असतं, एवढं तर आम्हीच लिहू. मी माणसांना जडजड वाक्यं विकली आणि ती घेऊन ते खूश होऊन गेले. आता या वयात मला कुणी पूर्णविराम टाकायला शिकवू नये.

तेव्हा सरळ सल्ला देतो. एका चौकोनावर खूण कर आणि मोकळी हो. डोळे मिटून बोट ठेव, जो येईल तो. नाहीतर बाईंना गप्पांत विचारून घे, कुठलं कपाट कमी भरलंय, आणि त्यावर खूण कर. खोटं वाटतं? अगं, अर्जातलं खोटं पचतं. एकदा पोर घरात आलं की कोण विचारतंय अर्जात काय होतं. हे मी अनुभवाने सांगतो. जास्त खोलात जाऊ नकोस.

काका


१५ जुलै

काका,

नाही करणार खूण.

का ते सांगते, हसू नकोस. लहानपणी मी शाळेतून रडत आले की आई मला मांडीवर घेऊन एकच सांगायची, ‘बाकीच्यांच्या आयांना जे मिळालं ते मिळालं, तुला आम्ही मागून घेतलं.’ त्यावर मी अख्खं लहानपण काढलं. वर्गात कुणी दत्तक म्हणून चिडवलं तर मी ताठ मानेने सांगायचे, तुला कुणी मागितलं होतं का? मला मागितलं होतं. आईबाबांनी मुलगी या चौकोनावर खूण केली होती, म्हणून मी आले.

उद्या माझ्या पोराने विचारलं, मला मागितलं होतंस का, तर मी काय सांगू? डोळे मिटून बोट ठेवलं होतं, कपाट कमी भरलेलं होतं? मला त्याच्याकडे बघून सांगता आलं पाहिजे की तू जसं असशील तसंच हवं होतंस. आणि ते कागदावर असलं पाहिजे. मला अर्जात खोटं नको.

आता डोक्यात एक आलंय. बाबांचा अर्ज तूच टाइप केला होतास ना? तुझ्या ट्रंकेत साऱ्या जगाच्या कार्बन कॉप्या आहेत, गावातल्या गाय हरवलेल्या माणसाचीसुद्धा. त्या अर्जात काय लिहिलं होतंस? तो तर एका फटक्यात मंजूर झाला, आई सांगते. त्यात मुलगी लिहिलं असेल तिथे मी दोन्ही घालीन. पाठव.

ढब्बू


२२ जुलै
(कार्डावर)

ढब्बू, ट्रंकेला वाळवी लागली. बरेच कागद गेले. तुझा सापडत नाही. गायवाल्याचा सापडला, हवा असेल तर पाठवतो. पाठ दुखते, जास्त लिहीत नाही. काका


२८ जुलै

काका,

वाळवीने नेमका माझाच कागद खाल्ला आणि गाय सोडली? तुझी ट्रंक पत्र्याची आहे. मी लहानपणी तिच्यावर बसून पाय आपटायचे.

काय लपवतोयस?

ढब्बू


८ ऑगस्ट

ढब्बू,

दहा दिवस चार मसुदे केले. सगळे एकेका वाक्याचे. फाडले. आता हाताने लिहितोय, म्हणजे आपोआप लांबण लागणार नाही.

कागद सापडला. सापडला म्हणजे हरवला नव्हताच. ट्रंकेत सगळ्यात खाली, तुझ्या पहिल्या झबल्याबरोबर आहे. सोबत पाठवतो, पण आधी हे वाच.

तुझ्या बापाने मुलगी मागितली नव्हती. दादा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘लिही, मुलगा हवा.’ दोन शब्द. मी मान डोलावली आणि मशीनमध्ये कागद घातला.

त्या संस्थेचे बरेच अर्ज तेव्हा माझ्याच हातून जायचे. मला ठाऊक होतं, मुलगा मागणाऱ्यांच्या यादीत चाळीस नावं आहेत. वहिनी सहा वर्षं वाट बघत होती. सहा वर्षांत तिने घरात मोठ्याने बोलणं सोडलं होतं. मी काही थोर माणूस नाही, हे तुला सांगायला नको. मुलगी बरी की मुलगा बरा असले विचार मी केले नाहीत. मला एवढंच दिसत होतं की चाळीस नावं म्हणजे अजून तीन वर्षं, आणि वहिनी तीन वर्षं काढणार नाही.

म्हणून मी माझ्या मनाने टाइप केलं. घाईत होतो, दादा समोर उभा होता, सजवायला वेळ नव्हता. आयुष्यात एकदाच साधं इंग्रजी लिहिलं. त्यात लिहिलंय: आमच्या घरात मूल नाही. मुलगा आला तर आम्हाला आनंद होईल, मुलगी आली तरी तेवढाच. ज्या मुलाला आधी घर हवंय ते आम्हाला द्या.

दादाला सांगितलं, लिहिलं बरं का तू म्हणालास तसं. सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. त्याने कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ चोळला. म्हणाला, कागद बरा आहे. आणि सही ठोकली.

चार महिन्यांत तू आलीस. मी कोपऱ्यात उभा होतो, दादा आता माझ्या कानाखाली काढणार म्हणून. त्याने तुला उघडून बघितलं, परत गुंडाळलं आणि म्हणाला, ‘हिची नखं वाढलीत, कापायला हवीत.’ बस. त्याला वाटलं ऑफिसची चूक झाली. मी वाटू दिलं. चाळीस वर्षं वाटू दिलंय. ऑफिसला शिव्या बसल्या असतील तर त्या माझ्या आहेत.

तेव्हा ते तुझं मागून घेतलेलं प्रकरण, ते असं आहे. तुला मी खोटारडी म्हणालो होतो. खोटारडा कोण ते आता तुझ्या हातात आहे. शिव्या घालायच्या तर पत्राने घाल, फोनवर मला ऐकू येणार नाही.

काका


१६ ऑगस्ट

काका,

दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. भांडताना तीन गिऱ्हाइकांचे नंबर चुकले, त्यांना परत बोलवावं लागलं.

मला वाईट वाटलं, काका. खूप वाटलं. मी चाळीस वर्षं ज्या चौकोनावर बसले होते तो चौकोनच नव्हता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘पण तुझ्या काकाने तर मागितलं होतं ना.’ हा माणूस वर्षातून एकदा शहाण्यासारखं बोलतो, आणि तो दिवस मी कधी आधीपासून लिहून ठेवत नाही.

तिसऱ्या दिवशी तुझा तो कागद टेबलावर ठेवला. पिवळा पडलाय, कडा तुटल्यात, पण अक्षरं ठणठणीत. चार ओळी. त्या वाचून मला इतकं हसू आलं, की बाई, एवढंच लिहायचं होतं! आणि हा माणूस मला अकरा ओळी देतो!

मी बसले आणि माझ्या हाताने लिहिलं. तुझी वाक्यं जवळजवळ तशीच घेतली. मुलगा आला तर आनंद, मुलगी आली तर तेवढाच आनंद. ठरत नाही म्हणून असं लिहीत नाही, ठरलंय म्हणून लिहितोय. जे मूल आधी येईल ते आमचं. आणि शेवटी माझी एक ओळ घातली: कृपया आमची फाईल दोन्ही कपाटांत ठेवावी.

स्वतः घेऊन गेले. बाईंनी चष्मा लावून वाचलं. चष्मा चुकीच्या नंबरचा होता, पण मी गप्प बसले. पुन्हा वाचलं. म्हणाल्या, ‘इतक्या वर्षांत मला कुणी हे सुचवलं नाही. सगळे लिहितात देवाची इच्छा, तुमची कृपा. मी त्या फायलींचं काय करू?’ मग त्यांनी उठून यंत्रावर आमच्या फाईलची एक प्रत काढली. एक डाव्या कपाटात, एक उजव्या. डागाचं पान मी बदलून घेतलं. ट्रे तसाच होता, त्यात अजून पाच-सहा फायली होत्या. मी निघताना बाई तो उचलून टेबलावर घेत होत्या.

आता एकच राहिलं. बाबांना मी विचारणार आहे.

ढब्बू


२० ऑगस्ट

ढब्बू,

विचारू नकोस.

हात जोडतो. मी खाली जेवतो गं. सकाळ-संध्याकाळ त्याच्या समोर बसून जेवतो. चाळीस वर्षांपूर्वी मी त्याला फसवलं हे त्याला आता कळलं, तर तो एक शब्द बोलणार नाही, हीच तर अडचण आहे. तो नुसता ताटाकडे बघेल. दादाने आयुष्यात माझ्यावर कधी संशय घेतला नाही. भोळा माणूस आहे, सही कर म्हटलं की करतो. त्याचा भाऊ चोर निघाला हे त्याला म्हातारपणी कशाला सांगायचं? तू आलीस, तो खूश आहे, मिटलं. मी गेल्यावर सांग. मी काही फार वेळ लावणार नाही.

(पाठ आता बरी आहे.)

काका


४ सप्टेंबर

काका,

फोन आला! दुकानात होते, एका आजोबांच्या डोळ्यात औषध घालत होते. तिसरा थेंब कानात गेला.

पाच महिन्यांचं आहे. काल बघून आलो. वजन साडेसहा किलो, म्हणजे ढब्बू ही पदवी आता मला सोडावी लागणार. सर्दी झालीये, नाकाला फुगे येतात. डोक्यावर केस फक्त मागच्या बाजूला, तुझ्यासारखेच. नवऱ्याचं बोट धरलं ते सोडेना. या माणसाने तासभर एका हाताने सगळे कागद भरले. माझ्याकडे बघून आधी रडलं, मग माझा चष्मा ओढून काढला आणि एकदम गप्प झालं. डोळे छान आहेत, दोन्ही सारखे फिरतात, ते मी लगेच तपासून घेतलं. अकरा तारखेला घरी आणतोय, माझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

आणि काका, रागावू नकोस. आईबाबांनाही हेच सगळं आज वेगळ्या पत्राने कळवलंय. आणि त्यात बाबांना विचारलंय. माझ्याने राहवलं नाही. पोर घरात यायच्या आधी मला कळायला हवं होतं.

चार दिवस वरच जेव.

ढब्बू


८ सप्टेंबर

बेटा,

तुझ्या बापाचं हे पहिलंच पत्र. अक्षर लागत नसेल तर चष्मा बदल, दुकान तुझंच आहे.

तुझा काका सध्या वर बसून पाव खातोय आणि पोट बिघडलंय असं सांगतोय. हे पत्र तो दाढी करायला गेलाय तेवढ्यात लिहितो.

तू विचारलंस, म्हणून खरं सांगतो. मी मुलगा म्हणालो होतो. का म्हणालो? सगळे तेच म्हणायचे, मीही म्हणालो. तुला वाचून वाईट वाटलं असेल. मलाही आज लिहिताना वाटतंय.

पण मला इंग्रजी वाचता येतं.

हे तुझ्या काकाला माहीत नाही. कुणालाच नाही, तुझ्या आईला सोडून. तो शिकायला जायचा तेव्हा त्याची पुस्तकं मीच शिवून द्यायचो. शिवताना एकेक पान वाचायचो, त्याला विचारायची लाज वाटायची म्हणून शब्दांची वही केली होती. पुढे पन्नास वर्षं लोकांची पुस्तकं आली. दोन बोटांत कागद चोळला की लोकांना वाटतं बाइंडर कागद बघतोय. तेवढ्या वेळात माझं एक पान वाचून होतं. धाकटा भाऊ घरातला एकटा इंग्रजी जाणणारा, त्याचा तेवढा मान होता. तो कशाला काढून घ्यायचा? तुझ्यासाठी केलेला त्याचा अकरा ओळींचा मसुदाही मी वाचला होता. तो परत येणार हे मला तेव्हाच कळलं. पण बोललो असतो तर पकडला गेलो असतो. म्हणून पातळ आहे म्हणालो. तुझे त्यात दिवस गेले, त्याबद्दल मला माफ कर.

त्या दिवशी खिडकीपाशी उभा राहून मी ते वाचलं. त्याने साल चुकीचं टाकलं होतं, तेही दिसलं. चार ओळी दोनदा वाचल्या. आमच्या घरात मूल नाही, ही पहिली ओळ. ती वाचली आणि मला लाज वाटली. एवढी साधी गोष्ट होती आणि मी मुलगा मुलगा करत बसलो होतो. तुझी आई चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. मी सही केली. कुणी फसवून नाही घेतली. वाचून, समजून, शुद्धीवर राहून केली. तेव्हा तुझी आई तुला सांगायची ते बरोबर आहे. तुला मागून घेतलं होतं.

काकाला यातलं काही कळवू नकोस. चाळीस वर्षं त्याला वाटतंय की त्याने आपल्या भावाला फसवून त्याच्या पदरात मुलगी घातली. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे ते. राहू दे त्याचं त्याच्याजवळ. त्याला एवढंच लिही की बाबा म्हणाले, जुनं काही आठवत नाही. म्हणजे तो खाली जेवायला येईल.

बाळासाठी एक वही शिवायला घेतली आहे, शंभर पानांची, हिरव्या कापडात. पहिलं पान कोरं ठेवलंय. तुझ्या पत्राची आणि काकाच्या जुन्या अर्जाची प्रत पाठव, तिथे चिकटवतो.

आणि हो. तुझ्या पत्रात बाळाचं वजन आहे, सर्दी आहे, केस आहेत, डोळे आहेत. मुलगा की मुलगी ते लिहायला तू विसरलीस. तुझी आई फोन करून विचारते म्हणत होती. मी म्हटलं, राहू दे, अकरा तारखेला आणणारच आहेत.

बाबा